उलट्या वळणाचे शंख

कार्तिक सरत आला की आमच्या नागपूरचा वास बदलतो. काटोल-कळमेश्वराकडून बैलगाड्या येऊ लागतात. वाळल्या गवतावर रचलेली संत्री घेऊन गाडी पुढे निघून जाते, पण रस्ता बराच वेळ आंबटगोड राहतो. महाल भागातल्या गल्ल्यांत, शुक्रवारी तलावाच्या काठी, गिरणीच्या फाटकाशी, जिकडे पाहावं तिकडे साली पडलेल्या. सकाळी अंगणात तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांचा जाळ होतो. हात शेकता शेकता कुणीतरी साल त्यात टाकतं, ती तडतडते आणि क्षणभर निळसर पेटते. बाहेरगावच्या माणसांना आमचा हा हंगाम फार आवडतो. मलाही एके काळी आवडायचा. आता मात्र साल सोलताना उडालेला बारीक फवारा डोळ्यात जावा, तसं या दिवसांचं होतं. चुरचुरतं, आणि कुणाला सांगावं असं काही नसतं.

जर्मन-जपानची लढाई संपून हा दुसरा हिवाळा. परवा माझी कुसुम शाळेतून धावतच आली. दप्तर खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "आई, धरमपेठेत रविवारचा वर्ग निघून राहिला. ज्या पोरापोरींले प्रश्न पडतात, त्यांच्यासाठी. झाडं दाखवणार, दगड दाखवणार, दुर्बीण बी आहे म्हणते. बाईंनं माहं नाव सांगितलं. मी जाऊ?"

माझे हात कणकेत होते. ते तसेच राहिले.

ओसरीवर उन्हात माझे बाबा बसले होते. माय गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. ते संत्र सोलता सोलता आतल्या बाजूला वळून म्हणाले, "जाऊ दे ना वं तिले. हुशार पोर आहे. काहून घरी बसवते?"

किती सहज म्हणाले ते! जसं काही या घरातल्या मुली अशा वर्गांना पिढ्यानपिढ्या जात आल्या आहेत. मी कुसुमला "पाहू" एवढंच म्हटलं आणि कणीक मळू लागले. पण मन त्या क्षणी वीस-बावीस वर्षं मागे गेलं होतं, आणि तेव्हापासून ते तिथेच आहे.

*

बाबा संत्र्यांचे दलाल होते. हंगामात त्यांचा दिवस बाजारात जाई, आणि मला वेळ मिळेल तेव्हा मीही तिथे. ढिगाशी बसून फळ निवडायचं काम मला फार लहानपणी आलं. चांगलं वेगळं, डागी वेगळं, आतून सुकलेलं पण वरून साजरं दिसणारं आणखी वेगळं. वजन हातात घेऊन पाहायचं, देठाकडची बाजू पाहायची. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत, "माही वेणू डोये झाकून डागी संत्र ओळखते." बायका हसत. मी फुगून बसे.

मी बारा वर्षांची असताना पिंपळापुरे मास्तर आमच्या मुलींच्या शाळेत आले. ते मुलांच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. उंच, किडकिडीत, पागोटं नेहमी थोडं कलतं. त्यांनी टेबलावर एक संत्र ठेवलं आणि विचारलं, "हे पाहून कुणाला काही विचारावंसं वाटतं?"

वर्ग गप्प. आम्हाला शाळेत उत्तरं द्यायची सवय होती, विचारायची नव्हती. मी मात्र उठले. उठले म्हणजे काय, राहवलंच नाही. म्हटलं, "मास्तर, सगळ्या फोडी सारख्या नसतात. मोठ्या फोडींमधी एखादी अगदी बारीक असते. ती काहून मोठी होत नाही?"

मास्तरांनी संत्र उचलून पाहिलं. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही. आपण शोधू."

मोठ्या माणसाच्या तोंडून "मला ठाऊक नाही" हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आमच्या घरात, गल्लीत, देवळात, शाळेत सगळ्यांना सगळं ठाऊक असे, किंवा मग "गप्प बस" असे. या माणसाला ठाऊक नव्हतं आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती. उलट आनंद झाला होता.

गावातल्या निरनिराळ्या शाळांतली चौकस मुलं हिवाळ्यातल्या रविवारी एकत्र आणायची, असं त्यांच्या मनात होतं. पाठांतर नाही, छडी नाही. पाहायचं आणि विचारायचं. मुलीही हव्यात, असा त्यांचा हट्ट होता. त्यासाठी ते स्वतः बाजारात आले. संत्र्यांच्या ढिगांमध्ये धोतराचा सोगा सावरत उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "वेणूला रविवारी पाठवा. अशी नजर रोज सापडत नाही."

"पोरांमधी? मास्तर, पोरीची जात आहे."

"माझी पत्नी बरोबर असेल. टांग्यातून नेईन, टांग्यातून आणीन."

बाबांनी एक फळ उचललं, हातात फिरवलं, ठेवून दिलं. "बरं. पण हंगामापुरती."

हंगामापुरती तर हंगामापुरती. मी त्या आठवड्यात जमिनीवर चालत नव्हते.

*

त्या हिवाळ्याचे रविवार मला अजून वासांनी आठवतात. हायस्कुलामागच्या खोलीतला ओलसर चुन्याचा वास. बरण्यांतल्या तळ्याच्या पाण्याचा शेवाळी वास. मास्तरीणबाईंच्या डब्यातल्या सांबारवड्यांचा वास, कोथिंबिरीचा आणि गरम तेलाचा. आम्ही तीन मुली एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या टेबलावर मास्तरांचं भिंग. त्या भिंगाखाली सगळ्यांना पाळीनं जागा होती. वकिलाचा माधव धंतोलीहून बंद गाडीतून येई, पायात बूट असत. त्यालाही रांगेत माझ्या मागे उभं राहावं लागे. तो तक्रार करत नसे. चांगला मुलगा होता. कविता म्हणावी तसं बोले, शब्द सुटे सुटे आणि स्वच्छ.

आम्ही अंबाझरीच्या काठी पाणकोंबड्या पाहिल्या. मुंगीच्या पाठीवर हळदीचा ठिपका देऊन ती कुठं जाते ते पाहत बसलो. बोरीच्या काट्यांत एक सरळ आणि एक वाकडा का असतो यावर दोन रविवार भांडलो. मी विचारायची, मास्तर म्हणायचे, "छान. पुढे?" त्या "पुढे?" नं मला वेड लावलं होतं. घरी भाकरी फुगताना पाहून मी मायला विचारी, "वाफ एका बाजूलेच काहून जमते?" माय म्हणे, "तुह्या मास्तरले विचार. मले सैपाक करू दे."

आणि मग टाकळीची खाण.

सकाळचं ऊन कोवळं होतं. टांगा खडीच्या रस्त्यावरून हेलकावत गेला. खाणीत काळ्या दगडाच्या दोन जाड थरांमध्ये एक पांढुरका पट्टा होता, हातभर रुंदीचा. मास्तरांनी आम्हाला त्याच्यासमोर उभं केलं. "खालचा काळा दगड एकदा वितळलेला होता," ते म्हणाले. "तो निवला. त्यावर पाणी साचलं, तळं झालं. तळ्यात जीव आले. मग जमिनीतून पुन्हा वितळलेला दगड वर आला आणि सगळं झाकून टाकलं. हा पांढरा पट्टा म्हणजे त्या तळ्याचा तळ."

दोन आगींच्या मध्ये एक तळं. मी त्या पट्ट्यावर हात ठेवला. गार होता.

त्या पट्ट्यातून फुटलेल्या तुकड्यांत गोगलगाईंचे शंख होते, दगड झालेले. मुलं मोठे मोठे तुकडे गोळा करू लागली. मी एकच धरून बसले. काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. नखानं माती काढली, टोक वर करून तो शंख धरला, पुन्हा पाहिलं. घरी गेल्यावर संध्याकाळ व्हायच्या आत शुक्रवारी तलावावर पळाले आणि चिखलातून हल्लीच्या गोगलगाईंचे रिकामे शंख ओटीभर आणले. ओसरीवर एक ओळ मांडली. मग कळलं.

पुढच्या रविवारी मी मास्तरांना दोन्ही दाखवले. "टोक वर धरलं की तलावातल्याचं तोंड उजव्या हाताले येतं," मी म्हटलं. "आणि या दगडातल्याचं डाव्या हाताले. मी सगळे पाहिले. वळणच उलटं आहे. हे उलटे काहून?"

मास्तरांनी दोन्ही शंख घेतले. उजेडाकडे गेले. भिंग लावलं. मागं वळले तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला होता. "वेणू," ते म्हणाले, "मी त्या खाणीत इतक्यांदा गेलो आणि मला हे दिसलं नाही."

मग तो आमच्या वर्गाचाच प्रश्न झाला. रविवारमागून रविवार आम्ही शंख जमवले. कुणी नागनदीच्या काठचे आणले, कुणी फुटाळा तलावाचे, माधवानं मामाच्या गावच्या विहिरीतले. खाणीत पुन्हा गेलो. हल्लीचे सगळे एका वळणाचे, दगडातले ते लांबट शंख दुसऱ्या. मास्तर मला समोर उभं करून सगळं सांगायला लावत. सुरुवातीला माझं बोलणं घसरे, पुढचं आधी आणि मागचं नंतर होई. ते थांबवत. "आधी काय पाहिलंस ते सांग. मग काय शंका आली ते. मग काय केलंस ते." मी पुन्हा सांगे. हळूहळू ते वाक्यांत बसलं. शेवट असा होता: "तेव्हापासून आजवर असं काय झालं की तळ्यातल्या जीवांचं वळण बदललं, हे मला ठाऊक नाही. मला ते शोधायचं आहे." हे वाक्य माझं होतं. मास्तर म्हणाले, याला हात लावायचा नाही.

संक्रांत झाली तशी त्यांनी वर्गाला बातमी दिली. शिक्षणखात्याचे बडे साहेब वर्ग पाहायला येणार होते. त्यांना तो आवडला तर वर्ग दरवर्षी चालेल. आणि ज्या मुलाचं काम सगळ्यांत पसंत पडेल त्याला उन्हाळ्यात महिनाभर जबलपुरास एका विद्वानांच्या घरी राहून शिकायला मिळेल.

"आपल्या वर्गातर्फे वेणू बोलेल," मास्तर म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले.

*

ते दिवस मी घर नुसतं भाषणानं भरून टाकलं. भांडी घासताना बोले, केस विंचरताना बोले. बाबा जेवायला बसले की मी समोर उभी राहून म्हणून दाखवी. त्यांना ते इतकं पाठ झालं की मी अडले तर घास हातात धरून पुढचा शब्द तेच सांगत. एकदा त्यांनी शंखही मागून घेतला आणि टोक वर करून पाहिला. "खरंच वं," म्हणाले, "उलटाच आहे." मला वाटलं, आता माझ्या बाजूला सगळं जग आलं.

मग एके दिवशी ते बाजारातून नवं कापड घेऊन आले. जांभळं, जरीच्या काठाचं. परकर शिवून झाला. मायनं घालून पाहायला लावला आणि म्हणाली, "दृष्ट लागन पोरीले." बाबा दारात उभे होते. बोलले नाहीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवून बाहेर गेले. मला वाटलं, कौतुकानं त्यांना बोलवत नाही.

समारंभाच्या दिवशी हायस्कुलाच्या पटांगणात मांडव होता. केळीचे खांब, पताका, खुर्च्या. साहेब आले, मडम आल्या, माधवाचे वडील त्यांच्याशी इंग्रजीत बोलत पुढे बसले. बाबा पागोटं बांधून मागच्या रांगेत. मी खांबाच्या आड उभी राहून ओठांतल्या ओठांत म्हणत होते, आधी काय पाहिलं, मग काय शंका आली.

मास्तरीणबाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या हातात हार होता. "वेणू, हा मडमसाहेबांना घालायचा. मग नमस्कार करून इकडे ये."

"आणि बोलायचं केव्हा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हाराची एक गाठ नीट करत राहिल्या. "आधी हार तर घाल," म्हणाल्या.

मी हार घातला. मडम हसल्या, माझ्या गालाला हात लावला. परकर फार सुंदर आहे असं काहीतरी म्हणाल्या असाव्यात, कारण त्यांचं बोट काठाकडे गेलं. मी खांबाशी परत आले. मास्तर उठले आणि म्हणाले, "आता आमच्या वर्गाचं या वर्षीचं काम चिरंजीव माधव सांगेल."

माधव पुढे आला. त्याच्या हातात माझे शंख होते. एक तलावातला, एक दगडातला. आणि त्यानं त्या स्वच्छ, सुट्या आवाजात सुरुवात केली. "मी टाकळीच्या खाणीत गेलो असता मला असं दिसलं..."

आधी काय पाहिलं. मग काय शंका आली. मग काय केलं. एकेक वाक्य मला माहीत होतं, ते कुठं वळणार ते माहीत होतं. "मी शुक्रवारी तलावावर गेलो," तो म्हणाला. तो कधी गेला होता तिथं? चिखलात बूट घालून? मला वाटलं आता मास्तर थांबवतील. मग मी मागच्या रांगेकडे पाहिलं. वाटलं, बाबांना तर सगळं पाठ आहे, ते उठतील. ते मांडवाच्या छताकडे पाहत होते.

"...हे मला ठाऊक नाही. मला ते शोधायचं आहे." माधव थांबला. टाळ्या झाल्या. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. शंख उलटे काहून, हे साहेबांनी विचारलं नाही, मास्तरांनी सांगितलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर तिथं कुणालाच नको होतं. तो चांगला म्हटला गेला, तेवढं पुरलं.

पांगापांग झाल्यावर मी माधवाला फाटकाशी गाठलं. रडत नव्हते. नुसती धापा टाकत होते. "ते माहं होतं," मी म्हटलं.

तो गोंधळला. "तुझंच आहे. पण सर म्हणाले, तू हो म्हणालीस. तुला सगळ्यांसमोर बोलायला भीती वाटते म्हणून." मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "नाही म्हणालीस?"

वडिलांनी गाडीतून हाक मारली आणि तो गेला. त्याच्यावर मी कधी रागावले नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं ऐकलं.

*

पुढच्या रविवारी टांगा आला नाही. मी चालत गेले. खोलीत मास्तर एकटेच बरण्या धूत होते.

"मास्तर, तुम्ही असं काहून केलं?"

ते थांबले. पंच्याला हात पुसले, पुष्कळ वेळ पुसले. "वेणू, वर्ग टिकवायचा होता. साहेबांसमोर घरंदाज मुलगा बोलला की वजन पडतं. आणि ज्यानं बोलायचं, त्यानं जबलपूरला जायचं. तू जाणार होतीस का?"

"मी गेली असती."

"मी काही परस्पर केलं नाही," ते म्हणाले. "बाजारात जाऊन तुझ्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, परगावी मुलगी पाठवली तर उद्या तिला घर मिळणार नाही. दुसऱ्याला द्या. पण तिला आत्ता सांगू नका, रडून गोंधळ घालील. मी तिला नवा परकर घेतो, हार घालायला लावा, तिचं मन राहील." आणि मग दुसरीकडे पाहत, "पुढल्या हिवाळ्यापासून मुलींचा वर्ग वेगळा करतो आहे. शिवणाचा. माझी पत्नी घेईल."

"शिवणाचा काहून?"

"तू प्रश्न फार विचारतेस, वेणू," मास्तर म्हणाले.

चिडून नाही म्हणाले. थकून म्हणाले. पण ज्यांनी मला "पुढे?" असं म्हणायला शिकवलं, त्यांच्याच तोंडचं ते होतं. मी तिथून बाहेर पडले आणि घरापर्यंत कशी आले ते आठवत नाही. एवढं आठवतं की बाबा ओसरीवर होते, मला पाहून त्यांनी सर्वांत मोठं संत्र पुढे केलं, आणि मी ते घेतलं. का घेतलं? त्यांना विचारायचं होतं. पण आमच्याकडे मुली बापाला जाब विचारत नसत. आणि खरं सांगायचं तर मी वाट पाहत होते. आज नाही तर उद्या ते स्वतः सांगतील.

उद्या आला, परवा आला. मोहोर आला, गळाला. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, चांगल्या घरी झालं. माणसं चांगली आहेत. कुसुमचे वडील रेल्वेत आहेत, फिरतीवर असतात, घरी आले की मला काही कमी पडू देत नाहीत. माझं वाटोळं झालं असं मी कुणाला म्हणू शकत नाही. पण त्या दिवसानंतर मला प्रश्न पडेनासे झाले. पडायचे ते जिभेपर्यंत येऊन परत जात, मग तिथपर्यंतही येईनात. मास्तरांचा वर्ग पुढे काही हिवाळे चालला आणि बंद पडला. शंख उलटे काहून, ते मला आजही ठाऊक नाही. मी कुणाला विचारलं नाही.

लबाड माणसानं फसवलं तर त्याचा राग करता येतो. मला फसवणाऱ्यांचा मला धड रागही करता आला नाही. एकानं मला जगाकडे पाहायला शिकवलं होतं, दुसऱ्यानं मला खांद्यावर बसवून वाढवलं होतं. दोघांनी मिळून, माझ्या भल्यासाठी, बाजारात उभ्या उभ्या माझा निकाल लावला. आणि मी जेवताना भाषण म्हणत होते तेव्हा बाबा मला अडलेला शब्द सांगत होते. त्यांतल्या शेवटच्या दिवसांत तर त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून सांगत होते. एवढी एकच गोष्ट मला इतक्या वर्षांत गिळता आली नाही.

*

काल शनिवार होता. दुपारी मी ओसरीवर कोथिंबीर निवडत बसले होते. बाबा कुसुमला मांडीशी घेऊन सांगत होते, "तुही आई बी अशीच होती. मोठे मोठे मास्तर आमच्या दुकानी येत. जबलपूरले धाडणार होते तिले."

"मंग गेली काहून नाही?" कुसुमनं विचारलं.

"तिलेच नाही जायचं होतं. मायले सोडून राहवत नव्हतं तिले. मी तर तयार होतो."

कुसुम माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत मला थोडीशी निराशा दिसली. आपली आई भित्री होती, असं तिला वाटलं असावं. इतकी वर्षं मी जे सहन केलं ते त्या एका नजरेपुढे मला सहन झालं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "मले कोणी विचारलंच नव्हतं."

त्यांचा हात थांबला. ते म्हणाले, "तुले कोणी सांगितलं?"

म्हणजे विसरले नव्हते.

"मास्तरांनी. त्याच आठवड्यात."

"तेव्हापासून ठाऊक आहे तुले?"

"हो."

"मंग बोलली काहून नाही इतके वर्ष?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट पाहत होते."

बाबांचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला. "तुह्या चांगल्यासाठीच केलं वं," ते म्हणाले. मग पुन्हा तेच म्हणाले, पण या वेळी आवाज पोचला नाही. थोड्या वेळानं भिंतीला धरून उठले आणि आत जाऊन पडले. मला वाटायचं, हे एकदा बोलून टाकलं की छाती मोकळी होईल. तसं काही झालं नाही. नुसतं एवढं झालं की आता आम्हा दोघांनाही एकमेकांचं ठाऊक आहे. आज सकाळी मी त्यांना चहा दिला, त्यांनी घेतला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

आणि मी कुसुमला घेऊन धरमपेठेला निघाले. थंडी होती, टांग्यात ती मला चिकटून बसली होती. कालचं सगळं तिनं ऐकलं होतं, म्हणून राहिलेलं मी तिला वाटेत सांगितलं. खाण, शंख, मांडव, हार.  शेवटी मी म्हटलं, "तुह्यासाठी परस्पर कोणी हो म्हटलं, की नाही म्हटलं, तर मले येऊन सांगजो. मी भांडीन."

तिनं शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग तिनं मान वर केली.

"आणि तूच परस्पर म्हटलं तर?"

टांगा वर्गाच्या दाराशी थांबला होता. आत मुलांचा गलका चालला होता. मी तसं कधीच करणार नाही, असं मला म्हणायचं होतं. आणि बाबांनीही एके काळी तेच म्हटलं असतं.

"तर सगळ्यांसमोर उठून सांगजो," मी म्हटलं, "मी तिथं बसली असली तरी."